चंद्रावरचा चौविहार

॥ श्री ॥

यावल,
दि. १२ जून २०२५

सौ. जतनबाई कांकरिया यांस,
बेबाबाई जीवराम भंगाळे हिचा स. न. वि. वि.

पत्र कोणाचं म्हणून तुम्ही आधी खालचं नाव वाचाल आणि कदाचित तिथेच घडी घालून ठेवाल. तसं करू नका. मी तुमच्या चेलनाची सासू. लग्नाला पाच वर्षं झाली, पण आपण दोघी विहिणी एकमेकींशी एक शब्द बोललेलो नाही. रजिस्टर लग्नाला तुमच्याकडचं कोणी आलं नाही आणि त्यानंतर मिश्रीलालशेठनी लेकीचा फोन कधी घेतला नाही. त्याचा जाब विचारायला मी बसलेली नाही. फोनच करणार होते, पण फोन मधेच ठेवता येतो. पत्र निदान संपेपर्यंत हातात राहतं.

सांगायचं ते हे, की चेलना मागच्या आठवड्यात आत गेली. कुठे आत, तेही सांगते. लडाखला उंच माळावर, जिथे झाड नाही की गवत नाही, तिच्या संस्थेनं एक घर बांधलंय. चंद्रावर बांधायचं घर कसं असेल, अगदी तसं. पुढे आपली माणसं चंद्रावर राहायला जातील तेव्हा काय खातील, पाणी कुठून आणतील, एकमेकांशी भांडतील का, हे आधी जमिनीवर राहून बघायचं. सहा जण आत आहेत. दसरा झाल्यावरच दार उघडणार. फोन नाही, आठवड्यातून एक लेखी निरोप तेवढा येतो. चेलनाकडे पाण्याचं काम आहे. घाम, श्वासातली वाफ, आणि लिहू नये पण लघवीसुद्धा, सगळं गोळा करून पुन्हा पिण्याजोगं करणारं यंत्र तिनं आणि तिच्या सोबत्यांनी बनवलंय.

आत जाताना त्यांना एक नाव द्यावं लागतं. बाहेर काही वाईट घडलं तर आत कळवायचं की नाही, हे त्या माणसानं ठरवायचं. चेलनानं माझं नाव दिलं. नवऱ्याचं का नाही, तर म्हणाली, योगराज भित्रा आहे, तो लपवेल, तुम्ही लपवणार नाही. आमचा योगराज जळगावला ठिबकच्या कंपनीत इंजिनिअर आहे, पाइप फुटला तर घाबरत नाही, पण ती म्हणते ते खोटं नाही.

तर तिचे निरोप माझ्याकडे येतात, आणि जिनं तिला वाढवलं तिला काहीच ठाऊक नसतं, हे माझ्या मनाला बरं वाटेना. तुमची हरकत नसेल तर कळवत जाईन. असेल तर तसं लिहा, राग मानणार नाही.

कळावे. शेवटी लोभ असावा असं लिहायची रीत आहे. आपली तर अजून ओळखच नाही, तेव्हा तूर्त ओळख असावी.

आपली,
बेबाबाई


॥ जय जिनेंद्र ॥

धुळे,
दि. २६ जून २०२५

सौ. बेबाबाई यांस,
जतनबाईचा नमस्कार. वि. वि.

पत्र पोचलं. उत्तर लिहावं की लिहू नये यात इतके दिवस गेले. आमच्या घरात चेलनाचं नाव निघत नाही. यांनी मनाई केली असं नाही, पण पहिल्या वर्षी कोणी काढलं नाही आणि मग काढायचं कसं तेच कळेनासं झालं.

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. कळवत जा.

एक विचारायचं आहे. ती कांदा-लसूण आणि जमिनीखालचं काही खात नसे. तिथे डबाबंद खाणं असणार. तिची आबाळ होत नाही ना? आणि ती चौविहार पाळायची. म्हणजे आमच्यात दिवस मावळल्यावर अन्न आणि पाणी दोन्ही बंद. लहान होती तेव्हा खेळ अर्धा सोडून जेवायला पळत यायची. लग्नानंतरचं मला माहीत नाही.

पत्र दुकानाच्या पत्त्यावर न घालता घरच्या पत्त्यावर घालावं.

कळावे. लोभाचं पुढे बघू, आभार मात्र आजच मानते.

जतनबाई


॥ श्री ॥

यावल,
दि. ८ जुलै २०२५

सौ. विहीणबाई जतनबाई यांस,
बेबाबाईचा स. न. वि. वि.

विहीणबाई लिहिलं, चालेल ना? नसेल चालत तरी शाईनं लिहिलंय, आता खोडत नाही.

आधी तुमच्या जिवाला लागलेलं सांगते. चेलना आमच्याकडे आली त्या दिवसापासून तिच्यासाठी कढई वेगळी आहे. कांदा-लसणाचा हात त्या कढईला लागत नाही. पहिल्यांदा मला वाटलं, कांद्याशिवाय भाजीला चव कशी येणार? आता शेवभाजीसुद्धा हिंगावर करते आणि आमचे हे दोनदा मागून घेतात. चौविहार ती आमच्या घरी अजून पाळते. बंगळूरच्या संस्थेतून सुटीवर आली की ऊन उतरायच्या आत पानावर बसते आणि हेही तिच्या शेजारी बसतात. यांचा धर्म नाही काही, भूक लागलेली असते.

आता आतल्या गोष्टी. घर म्हणजे आपल्या केळीच्या गोडाऊनएवढंही नाही. खिडकी एकही नाही. चंद्राच्या दक्षिण टोकाला काही उंच जागा आहेत, तिथे सूर्य कितीतरी दिवस मावळतच नाही म्हणे, क्षितिजाला धरून नुसता गोल फिरतो. घर बांधायचं तर तिथेच, कारण ऊन म्हणजे वीज, आणि जवळच्या काळोख्या खड्ड्यांत बर्फ असावा. म्हणून त्यांच्या घरातले दिवेही तसेच तिरपे लावलेत आणि ते विझत नाहीत. पेरणीला मेथी आहे. ती उगवली तेव्हा सगळे जण तिच्याकडे बघत बसले होते, असं तिनं लिहिलंय.

तिथे त्यांचा मुख्य आहे हितेंद्र नावाचा. तो स्वभावानं चांगला पण झोपेत घोरतो, आणि चंद्रावर घोरणाऱ्याला पाठवावं का यावर बाकीच्यांची चर्चा झाली.

मी एकदा चेलनाला विचारलं होतं, इथलं आपलं सगळं पडलंय आणि तुम्हाला चंद्रावर कशाला जायचं? तिनं वाद घातला नाही. म्हणाली, आई, एकच पेलाभर पाणी दहा वेळा वापरायला तिथे शिकलो, तर ते इथेच कामाला येणार आहे. यांनी तेवढ्यात विचारलं, तिथे केळी येईल का? ती म्हणाली, येईल पण झाड छताला लागेल. हे दोन दिवस त्याचाच विचार करत होते.

कळावे. ओळख झाली असं धरून चालते, लोभाची घाई नाही.

आपली,
बेबाबाई


॥ जय जिनेंद्र ॥

धुळे,
दि. २५ जुलै २०२५

सौ. विहीणबाई यांस,
जतनबाईचा सप्रेम नमस्कार. वि. वि.

चालेल.

कढईचं वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि जरा वेळानं पुन्हा उचललं. पाच वर्षं मी मनात धरून होते, की माझी मुलगी परक्यांच्या घरी मन मारून जेवत असेल. कोणाला विचारायची सोय नव्हती. तुमच्या एका ओळीनं ते संपलं. याहून जास्त मला लिहिता येत नाही.

तुमची पत्रं मी स्वयंपाकघरात मोठ्यानं वाचते. आमच्याकडे झुंबरबाई कामाला येतात, त्यांना सगळं ऐकायचं असतं. लघवीच्या पाण्याचं ऐकून त्यांनी तोंडाला पदर लावला. मग मला विचारलं, तुमनी पोर खरंच चांदवर गयी शे का? मी म्हटलं, नाही हो, अजून लडाखलाच आहे. तर म्हणाल्या, मंग रडतीस कसाले.

वाचताना हे बाहेरच्या खोलीत पेपर घेऊन बसलेले असतात. दुपारी दुकानात असणारा माणूस हल्ली जेवायला येतो आणि जेवण झाल्यावरही बसून राहतो. परवा वाचता वाचता दूध उतू गेलं म्हणून मी मधेच थांबले. बाहेरून दोनदा खाकरल्याचा आवाज आला. मी पुढे वाचलं.

पाण्याच्या यंत्राचं ऐकून मला तिचं लहानपण आठवलं. आमच्याकडे पाणी फडक्यातून गाळून, मोजून वापरायचं. ती पेला अर्धा टाकून पळायची आणि मी तिला परत बोलावून तो संपवायला लावायची. त्यावरून किती रडली असेल.

इथे साध्वीजी चातुर्मासासाठी आल्या आहेत. स्थानकात, म्हणजे आमच्या धर्मस्थानात, गर्दी असते. कोणी चेलनाबद्दल विचारलं नाही, पण या वर्षी पहिल्यांदा मला वाटलं की विचारलं असतं तर सांगितलं असतं.

कळावे. लोभ माझ्या बाजूनं सुरू झाला आहे.

आपली,
जतनबाई


धुळे,
दि. १९ ऑगस्ट २०२५

सौ. विहीणबाई यांस नमस्कार.

हे पत्र माझा मुलगा अखिल घेऊन येतो आहे. रीतीचं लिहायला आज सुचत नाही.

काल सकाळी दुकानाचं शटर वर करताना हे कोसळले. मेंदूत गुठळी झाली. उजवा हात, उजवा पाय गेला, वाचाही गेली. वेळेत आणलं म्हणून जीव राहिला, पण डॉक्टर अजून ठाम काही बोलत नाहीत. डोळे उघडतात, माणसं ओळखतात, तोंडातून शब्द येत नाही. आयुष्यभर बोलून कापड विकलेला माणूस नुसता छताकडे बघत पडला आहे.

चेलनाला काही कळवू नका, हे सांगायला अखिलला पाठवलं. फोनवर मला बोलणं झालं नसतं.

ती बाहेर आली तर सगळ्यांचं काम मोडेल. एवढ्या वर्षांची मेहनत. लोक म्हणतील, बाईमाणूस होतं म्हणून अर्ध्यात आली. नाही आली तर आमच्याकडचे म्हणतील, बाप मरणाच्या दारात आणि ही आत बसून राहिली. दोन्हीकडून तिलाच बोल. न कळवलं तर निदान तिच्याकडे बोट दाखवता येणार नाही. आणि खरं सांगायचं तर यांनी तिला पाच वर्षं हाक मारली नाही. आता त्यांच्यासाठी तिचं नुकसान मी कोणत्या तोंडानं मागू?

ठरवायचा हक्क तुमचा आहे हे मला माहीत आहे. तरी मी तिची आई आहे. एवढं ऐका.

जतनबाई


॥ श्री ॥

यावल,
दि. २० ऑगस्ट २०२५

सौ. विहीणबाई यांस,
बेबाबाईचा नमस्कार.

मी कळवलं.

आधी हे लिहून टाकते, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुम्हाला ठरवता येईल.

अखिल काल जेवून गेला. पोरगा फार दमला होता, त्याला मी तसाच निघू दिला नाही. तो गेल्यावर आम्ही तिघं बसलो. योगराज जळगावहून धावत आला होता. तो म्हणाला, आई, नको कळवू, ती आत एकटी पडेल. यांना विचारलं तर हे म्हणाले, तुझं नाव लिहिलंय, माझं नाही, आणि उठून मळ्यात गेले. तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. त्यात एक शब्द खोटा नाही. आईच्या जागी मी असते तर हेच लिहिलं असतं.

पण विहीणबाई, तिनं माझं नाव का दिलं? मी तिला जपावं म्हणून नाही, खरं सांगावं म्हणून. ती बाहेर येईल तेव्हा मी तिच्या डोळ्यांत बघून काय सांगणार, की तुला झेपणार नाही असं आम्ही ठरवून टाकलं? उद्या खरंच माणसं चंद्रावर जाऊन राहतील. कोणाचं तरी माणूस खाली आजारी पडणारच. तेव्हा वरच्यांना सगळं छान चाललंय म्हणून सांगत राहिलो, तर छान चाललंय यावर त्यांनी पुन्हा कधी विश्वास ठेवायचा? बातमी ऐकून काय करायचं ते तिनं ठरवावं. ऐकायची की नाही, हे तिच्या मागे ठरवणं मला जमलं नाही.

आज सकाळी चेलनाच्या संस्थेच्या डॉक्टरांना फोन करून निरोप सांगितला. तुमच्यापासून काही लपवू नये म्हणून तोच इथे लिहिते. बाबूजींना लकवा झाला आहे. जीव वाचला आहे, पुढचं अजून सांगता येत नाही. कळवू नये अशी तुझ्या आईची इच्छा होती, तुझ्या काळजीपोटी. मी कळवते आहे. येणं किंवा राहणं तू ठरव. दोन्हींत आम्ही तुझ्या बाजूचे.

तुम्हाला माझा राग येईल. यायलाच हवा. राग ओसरल्यावर लिहा, न ओसरला तरी लिहा.

लोभ तुटला नसेल एवढीच आशा.

बेबाबाई


॥ जय जिनेंद्र ॥

धुळे,
दि. २४ ऑगस्ट २०२५

सौ. ब्याणजी यांस,
जतनबाईचा सप्रेम नमस्कार. वि. वि.

आमच्यात विहिणीला ब्याणजी म्हणतात. आजपासून तुम्हाला मी तेच म्हणणार.

राग आला होता. तुमचं पत्र वाचून मी दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून रडले आणि अखिलला म्हटलं, शेवटी परकी ती परकीच. तुम्ही खरं लिहिता म्हणून मीही खरं लिहिते.

त्याच दिवशी संस्थेचा फोन आला. चेलनानं बाहेर यायचं ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडणार होते. मला आनंद झाला आणि भीतीही वाटली. यांना सांगावं की नाही कळेना. मग म्हटलं, आता लपवायची सवयच बंद. कानाजवळ वाकून सांगितलं, चेलना येते आहे.

त्यांनी डावा हात हलवला. काय हवं ते कोणालाच कळेना. पाणी दिलं, उशी सरकवली, हात हलतच राहिला. शेवटी अखिलनं त्याच्या मुलीची पाटी आणून दिली. डाव्या हातानं, लहान मूल गिरवतं तसं, त्यांनी लिहिलं, येऊ नको, काम पुरं कर. मी वाचून दाखवलं, मान हलवली. तिला पाठवू का विचारलं, तर पाटी पुन्हा मागितली. पुसून दुसरं लिहायला फार वेळ लागला. लिहिलं होतं, तिथे दिवस मावळत नाही, चौविहार कसा पाळतेस?

माझा संताप झाला. पाच वर्षांनी मुलीला विचारायचं ते हे? पर्युषण चालू आहे, सगळं जग क्षमा मागतं, देतं, आणि हा माणूस मरणातून उठून जेवणाची वेळ विचारतो! अखिल मात्र हसायला लागला आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तो मला म्हणाला, बाई, दिवस मावळत नाही हे बाबूजींना कोणी सांगितलं?

मी तर कधीच सांगितलं नव्हतं, ब्याणजी. मी फक्त स्वयंपाकघरात वाचलं होतं.

दोन्ही वाक्यं जशीच्या तशी पाठवली. तिचं काय उत्तर येतं ते माहीत नाही, पण काल दार उघडलं नाही एवढं कळलं. तुम्ही कळवलं नसतं तर ही पाटी लिहिली गेली नसती. माझं ऐकलं नाहीत, फार उपकार झाले.

कळावे. लोभ होता त्याहून वाढला आहे.

तुमची,
जतनबाई


चंद्रघर, लडाख,
दि. २ सप्टेंबर २०२५

ती. बाबूजी आणि ती. बाई यांना,
चेलनाचा चरणस्पर्श. वि. वि.

हा निरोप यावलच्या आई तुमच्यापर्यंत पोचवतील. या वेळी थोडी जास्त जागा मागून घेतली आहे.

बाबूजी, माझी पिशवी भरून दाराशी ठेवली होती. हितेंद्रदादांनी तुमचा निरोप वाचायला दिला तेव्हा मी बूट घालत होते. पहिलं वाक्य वाचून खाली बसले. दुसरं वाचून इतकी हसले की सगळे गोळा झाले, आणि मग हसू कुठल्या कुठे गेलं. त्यांना चौविहार म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं.

तर उत्तर. दिवे विझत नाहीत, हे खरं. चंद्रावर त्या जागी सूर्याच्या भरवशावर राहिलं तर माणूस एक तर जेवतच राहील, नाही तर उपाशी मरेल. म्हणून आत येताना मी माझ्या घड्याळात धुळ्याच्या सूर्यास्ताची वेळ लावून घेतली. पंचांग बघून, तारखेप्रमाणे. बंगळूरची लावता आली असती, यावलची लावता आली असती. धुळ्याची का लावली हे मला तेव्हा कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. घड्याळ वाजायच्या आत मी जेवते. आधी एकटीच जेवायची. आता त्यातले तिघं माझ्याबरोबर बसतात, कारण सगळ्यांनी एका वेळी जेवल्याशिवाय बोलणंच होत नाही हे त्यांच्या लक्षात आलं. पुढे जे खरोखर चंद्रावर जातील त्यांनी कुठल्या तरी गावाचा सूर्यास्त बरोबर न्यावा, असं आम्ही अहवालात लिहिणार आहोत.

तुम्ही काम पुरं कर म्हणालात त्याच आठवड्यात माझं यंत्र अडलं. पाणी गढूळ यायला लागलं. साठा होता, पण सगळ्यांना पेला मोजून द्यावा लागला आणि चेहरे उतरले. मी पुन्हा पुन्हा खोलून बघितलं. शेवटी लक्षात आलं, मेथीच्या वाफ्यातली बारीक माती आत जात होती. यंत्रात जायच्या आधी पाणी गाळायलाच हवं होतं. बाई, मी एक जुना सुती शर्ट फाडून चार पदरी घडी घातली, तुम्ही घालता तशी, आणि वाट बघितली. पाणी स्वच्छ आलं. पुढच्या यंत्रात तिथे पक्की गाळणी बसेल, पण आज आम्ही जे पितो आहोत ते तुमच्या घडीतून आलेलं आहे. मी बाहेर पडले असते तर हे कोणाला सुचायला उशीर झाला असता, आणि मग सगळ्यांनाच बाहेर पडावं लागलं असतं.

यावलच्या आईंनी मला खरं सांगितलं, म्हणून मला दोन रात्री झोप आली नाही, आणि म्हणूनच आता शांत झोप येते. बाहेर काही लपलेलं नाही, हे कळलं की आत राहता येतं.

बाबूजी, पाटीवर रोज लिहा. अक्षर माझ्या पहिलीच्या अक्षरापेक्षा चांगलं आहे असं अखिलदादानं कळवलं आहे.

कळावे. तुमचा लोभ पुन्हा मिळाला, तो सांभाळीन.

तुमची,
चेलना


॥ श्री ॥

यावल,
दि. १५ सप्टेंबर २०२५

सौ. ब्याणजी यांस,
बेबाबाईचा सप्रेम नमस्कार. वि. वि.

बघा, शिकले की नाही तुमचा शब्द!

परवा धुळ्याला येऊन गेलो त्याचं समाधान अजून जात नाही. तुम्ही दारात उभ्या होत्या तेव्हा मला वाटलं होतं, एवढं पत्रात बोलून झालं, आता समोर काय बोलायचं? आणि खरंच दोघी गप्प उभ्या राहिलो. बरं झालं झुंबरबाईंनी पिशव्या घेतल्या आणि विचारलं, बाहेरच उभ्या राहणार शेत का दोन्ही बाया.

आमचे हे मिश्रीलालशेठजवळ बसून बठ्ठ्या दुनियेचं, असेल नसेल ते सगळं बोलत होते. केळीचा भाव, पानांवरचा करपा रोग, योगराजचं लहानपण. शेठना उत्तर देता येत नव्हतं, पण डोळे हलत नव्हते यांच्यावरून. परत येताना गाडीत हे म्हणाले, इतक्या मनापासून माझं आजवर कोणी ऐकलं नाही. मी म्हटलं, बिचाऱ्यांना उठून जाता येत नव्हतं. तरी एक सांगते, निघताना शेठनी डाव्या हातानं यांचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

आता भांडणाचं. बाहेर आल्यावर चेलनानं आधी सासरी यावं हे तुमचं म्हणणं मला मान्य नाही. ती धुळ्याला जाईल. रीत काय असेल ती असो, बाप वाट बघतोय. योगराज लेहला तिला घ्यायला जाईल आणि दोघं थेट तुमच्याकडे येतील. मी तसं कळवूनही टाकलंय. कळवून टाकायची मला सवयच आहे, तुम्ही जाणताच.

ब्याणजी, तुम्ही उपकार म्हणता, मग मीही एकदा म्हणून घेते. मला मुलगी नाही. पाच वर्षांपूर्वी एक वाढलेली, शिकलेली, पेल्यातलं पाणी टाकून न देणारी मुलगी माझ्या घरी चालत आली. ती कोणी वाढवली, कोणी तिला तसं केलं, त्यांना धन्यवाद म्हणायचं माझं राहूनच गेलं होतं. ते आज म्हणते.

कळावे. लोभ आता दोन्ही घरांचा सामाईक.

तुमची,
बेबाबाई


॥ जय जिनेंद्र ॥

धुळे,
दि. ९ नोव्हेंबर २०२५

सौ. ब्याणजी यांस,
जतनबाईचा सप्रेम नमस्कार. वि. वि.

हे पत्र एका मोठ्या गाठोड्याबरोबर येईल. आधी पत्र वाचा, मग गाठोडं सोडा.

चेलना आणि योगराज दिवाळीपासून कालपर्यंत इथे राहिले, हे तुम्हाला माहीत आहेच. तिला बारीक झालेली बघून मी खूप खाऊ घातलं. यांचा व्यायाम ती रोज करून घ्यायची. आता काठीनं चालतात. शब्द येतात, पण एकेक ओढून काढावा लागतो. संध्याकाळी ती त्यांना चंद्राचं सांगत बसायची. पुढच्या वेळी आणखी जास्त दिवस आत राहायचं आहे, तिचं यंत्र नव्यानं बांधतात, आणि २०४० पर्यंत आपला माणूस चंद्रावर उतरवायचं देशानं ठरवलं आहे. यांनी बोटांवर काहीतरी हिशेब केला आणि कष्टानं म्हणाले, मी नसेन. चेलना म्हणाली, कोणाला माहीत, बाबूजी, आणि चंद्रावर बसून कोणी तरी धुळ्याच्या वेळेला जेवेल, तेव्हा तुम्ही असालच. त्यावर त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मी चहाचं निमित्त करून आत गेले.

आता गाठोड्याचं. तुळशीचं लग्न झाल्यापासून दुकानात लग्नाच्या खरेदीची झुंबड आहे. परवा हे म्हणाले, दुकान. डॉक्टरांनी हो म्हटलं होतं, म्हणून अखिल, चेलना आणि योगराज त्यांना घेऊन गेले, मीही गेले. आजारानंतर पहिल्यांदाच ते गादीवर बसले. पिंपळनेरचं एक कुटुंब बस्ता बांधायला आलं होतं. नवरीची साडी, सासूची साडी, मानपानाचं कापड, सगळं समोर पसरलेलं. हे ते बघत राहिले. अर्ध्या जिल्ह्याचे बस्ते या माणसानं बांधले, ब्याणजी. स्वतःच्या मुलीचा बांधला नव्हता.

ती माणसं गेल्यावर त्यांनी काठी उचलून फळीवरचा कापडाचा एक ताका दाखवला. अखिलनं काढला. नको. दुसरा. नको. वरची फळी. अखिलला वाटलं, मालाची तपासणी करतात. त्यांनी चेलनाकडे बोट केलं, मग योगराजकडे, आणि म्हणाले, बस्ता. गिऱ्हाइकं उभी होती, त्यांना अखिलनं बसायला सांगितलं.

मग दुपारभर त्यांनी निवडलं. चेलनाची साडी त्यांनी स्वतः डाव्या हातानं उलगडून उजेडात धरली, पदर तपासला, एक धागा ओढलेला दिसला म्हणून ती परत केली आणि दुसरी काढली. ब्याईजींसाठी, म्हणजे तुमच्या यांच्यासाठी, धोतरजोडी आणि पांढऱ्या टोपीचं कापड आहे, योगराजला सूट. तुमच्या साडीला सगळ्यात जास्त वेळ लागला. अखिल एकेक दाखवत होता आणि हे मान हलवत होते. अखिल कंटाळून म्हणाला, बाबूजी, त्यांना कुठलीही आवडेल. यांनी त्याच्याकडे असं बघितलं, की तो पुन्हा शिडीवर चढला. शेवटी जांभळी, हिरव्या काठाची निवडली. घडी त्यांनी कोणाला घालू दिली नाही. एका हातानं, मांडीवर घेऊन, त्यांनीच घातली. ती थोडी वाकडी आहे. मोडू नका.

पाच वर्षं उशीर झाला, हे आम्हाला कळतं. मानानं घ्यावं.

कळावे. लोभाबद्दल मी काही लिहीत नाही, कारण शेवटचा निरोप यांचा आहे. रंग आवडला नाही, तर बदलायला ब्याणजींनी स्वतः दुकानात यावं. हे वाक्य त्यांनी तोंडानं सांगितलं, पाटीवर लिहून नाही. फार वेळ लागला, मधे दोनदा अडले, पण दुकानातलं एकही माणूस मध्ये बोललं नाही.

तुमची,
जतनबाई